फॅनफिक लिहिणारी बाई लेखिका असते का?

रानजाई

आठवडाभर डोक्यात भुंगा आहे, तो इथे सोडते. (फॅनफिक म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं उसनी घेऊन चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट.)

आमच्या गावच्या वाचनालयाची दिवाळीच्या तोंडावर कथास्पर्धा असते. गेल्या वर्षी मी वृषालीवर, म्हणजे कर्णाच्या बायकोवर, कथा पाठवली. कर्ण शेवटचा रणावर जातो त्या दिवशी ती घरात काय करत असेल, एवढाच जीव. दुसरा नंबर आला. शाल, श्रीफळ, पाचशे एक रुपये. परीक्षक म्हणाले, उपेक्षितेला वाचा फोडलीत.

यंदा पाठवली पाटलांच्या जुळ्या मुलींची. हॅरी पॉटर वाचलेल्यांना पार्वती आणि पद्मा आठवतील. जादूच्या शाळेतल्या घरांपैकी एक ग्रिफिंडॉरमध्ये, एक रेव्हनक्लॉमध्ये (सिनेमावाल्यांनी दोघींना एकाच घरात कोंबलं, तो राग वेगळा). चौथ्या पुस्तकात नाचाला हॅरी आणि रॉनबरोबर जातात आणि ते दोन ठोंबे त्यांच्याकडे धड बघतही नाहीत. सहाव्याच्या शेवटी डंबलडोर गेल्यावर आईबाप आपापली पोरं घरी न्यायला लागतात. तिथे एवढंच येतं की दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत पाटील जुळ्या निघून गेल्या होत्या. संपलं.

कुठे गेल्या? न्यायला कोण आलं? घरी गेल्यावर जेवायला काय होतं? ते पुस्तक २००५ मध्ये आलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तेव्हापासून त्या दोघी माझ्या डोक्यात ट्रंका घेऊन उभ्या आहेत. माझी कथा त्या एका उन्हाळ्याची. आई मूळची गडहिंग्लजची, जादूतलं ओ की ठो कळत नाही. आणि १ सप्टेंबरच्या गाडीने मुलींना परत धाडायचं की नाही, हे तिला ठरवायचंय.

परीक्षकांची चिठ्ठी आली: "भाषा ओघवती. परंतु पात्रे परकीय लेखिकेची असल्याने स्वतंत्र निर्मिती म्हणता येत नाही. सबब विचारार्थ घेतली नाही."

माझा प्रश्न सरळ आहे. कर्ण माझा होता का? तो चालला, मग पार्वती पाटील का चालत नाही?

टपरीवरचा_चहा

पहिला! सतरंजी टाकून बसलोय, शेंगदाणे कोण आणतंय?

(त्या रोलिंगबाईंना 'पटेल' म्हणायचं असेल हो. टायपिंगची चूक. तुम्ही उगाच गडहिंग्लजला पोचलात.)

रानजाई

पटेल असत्या तर गुजराती बायकांनी लिहिल्या असत्या. पुस्तकात पाटील छापलंय, म्हणजे आमच्या. :)

सदूभाऊ_कऱ्हाडकर

रानजाई, राग मानू नका. परीक्षकांचं बरोबर आहे असं मला वाटतं.

ही पॉटरची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, वाचेन असंही वाटत नाही. पण मुद्दा पुस्तकाचा नाही. दुसऱ्याने घर बांधलं, रंग दिला, बाग लावली. तुम्ही जाऊन ओसरीवर रांगोळी काढली. रांगोळी सुंदर असेल, नाही कोण म्हणतो? पण घर बांधलं असं म्हणू नये.

आपल्याकडे हे कधीच सांगून झालंय. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर ज्याला सुचेल त्याने मध्ये ओव्या घुसडून ठेवलेल्या. सगळं निवडून काढल्यावर शेवटी बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी. फॅनफिक म्हणजे हेच ना?

कडूनिंब

सदूभाऊंनी एकदम नाथांनाच पुढे केलं, आता काय बोलणार.

तरी बोलतो. हे प्रकरण इंटरनेटने जन्माला घातलं असा समज असतो, तो चुकीचा. 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये 'स्पॉकनेलिया' नावाचं नियतकालिक घरच्या घरी छापून वाटलं होतं. पहिल्यापासून लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ. यातल्या भंपकपणाची टिंगलही बाहेरच्यांनी नाही, आतल्यांनीच आधी केली. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या बाईने एक चिमुकली नक्कल लिहिली, नायिका साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू. हुशार, सुंदर, सगळे तिच्या प्रेमात. लेखिका स्वतःलाच गोष्टीत घुसवून आरत्या ओवाळून घेते, त्याला तेव्हापासून मेरी स्यू म्हणतात.

आणि 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या कोठाराला २०१९ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेव्हा 'मान्यता' हवी असेल तर ती घ्या. मला स्वतःला पुरस्काराने काही सिद्ध होतं असं वाटत नाही. नव्वद टक्के फॅनफिक वाचवत नाही. पण आपल्या दिवाळी अंकांतल्या कथा तरी किती वाचवतात?

मास्तरीण

सदूभाऊ, ओवी अगदी योग्य ठिकाणी काढलीत. आता तिची पुढची गोष्ट ऐका.

इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आठवा. १९६७ चं पुस्तक, दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमी. बाई शिस्तीच्या, भांडारकरांच्या चिकित्सक आवृत्तीला धरून चालणाऱ्या. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ घालवून महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतून नरोट्याच तर वेचल्या. गणपती लेखनिक झाला ती कथासुद्धा मूळ पाठातून काढून परिशिष्टात टाकली! अशा आवृत्तीवर विसंबून बाई द्रौपदीवर लिहितात. आणि शेवटी येतं ते महाप्रस्थान. द्रौपदी पडते, पांडव मागे न बघता पुढे जातात. महाभारतात ती तिथे संपते.

बाईंना तिथे थांबवलं नाही. त्या वाचकाला सरळ सांगतात की इथवरचं सगळं महाभारताच्या आधाराने, आता पुढची माझी नरोटी. हाच शब्द, नाथांचाच. आणि मग त्या पडलेल्या द्रौपदीपाशी भीमाला परत आणतात. मरता मरता ती त्याला म्हणते, पुढच्या जन्मी तू थोरला हो.

मी तीस वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवलं. 'युगान्त' वाचलेल्या कुणालाही विचारा काय लक्षात राहिलं. चिकित्सक आवृत्ती कुणी सांगत नाही. भीम सांगतात.

फॅनफिकची तुमची व्याख्या काय ती मला ठाऊक नाही. पण मूळ लेखकाने जिथे पात्र टाकून दिलं तिथे परत जाऊन त्याच्याजवळ बसणं, यापेक्षा ती वेगळी असेल तर सांगा.

टपरीवरचा_चहा

(शेंगदाणे खाली ठेवले.)

सदूभाऊ_कऱ्हाडकर

मास्तरीणबाई, 'युगान्त'चा तो भाग मी साफ विसरलो होतो. कान पकडतो.

पण पहा, बाईंनी स्वतःच तिला नरोटी म्हटलं. अमृत नाही म्हटलं. त्या प्रामाणिक होत्या म्हणून तर ते चाललं.

साडेदहाची_मालिका

फॅनफिकवाले प्रामाणिकच असतात काका! प्रत्येक भागाच्या डोक्यावर आम्ही लिहितो, पात्रं माझी नाहीत, वाहिनीची आहेत, मी फक्त खेळतेय. आमचा नरोटीचा शिक्का पहिल्या ओळीतच असतो.

मी मालिकांवर लिहिते. साडेदहाला एपिसोड संपतो, सासूने नायिकेच्या कानाखाली वाजवलेली असते, नायिका देवघरात रडत असते आणि 'पुढील भागात'मध्ये हळदीकुंकू. मला झोप लागत नाही. मग फोनवर लिहायला घेते, त्याच रात्री ती बॅग भरते आणि रिक्षा करून स्टँडवर जाते. सकाळी भाजी चिरेपर्यंत चाळीस-पन्नास बायकांनी वाचलेलं असतं. कुणी लिहितं, "मला पण जायचं होतं."

साहित्य आहे का ते तुम्ही ठरवा. मला त्या एका ओळीशी मतलब.

आणि चोरीचं म्हणाल तर चोरी माझी झाली. माझी अख्खी तेवीस भागांची कथा एका बाईने नावं बदलून दुसऱ्या ॲपवर स्वतःच्या नावाने टाकली. मी भांडायला गेले तर म्हणे, तुझी तरी कुठे ओरिजिनल होती!

कडूनिंब

@साडेदहा, त्या बाईच्या उत्तरात सगळा घोळ आलाय. पात्र उसनं घेणं वेगळं आणि वाक्यं उचलणं वेगळं. तिने तुझी पात्रं घेतली नाहीत, तुझ्या रात्री घेतल्या.

फक्त एक विनंती. नायक-नायिका साकारणाऱ्या खऱ्या नटनट्यांचं प्रेमप्रकरण रंगवून लिहितात, ते थांबवा. पात्राला अब्रू नसते, माणसाला असते.

साडेदहाची_मालिका

तसलं मी लिहीत नाही, वाचतही नाही. पण लिहितात हे खरं आहे.

अर्धवटराव

सगळे 'फॅनफिक फॅनफिक' करताय, मराठी शब्द नाही का? 'चाहतेकथा' चालेल?

टपरीवरचा_चहा

चाहतेकथा म्हणजे चहा पिताना सांगतात ती. माझ्या टपरीचं पेटंट आहे.

अर्धवटराव

'परभृत लेखन' कसं वाटतं? परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, कोकिळा. अंडं कावळ्याच्या घरट्यात, गाणं स्वतःचं.

सदूभाऊ_कऱ्हाडकर

कोकिळेच्या काही भाऊबंदांचं पिल्लू घरमालकाची अंडी घरट्याबाहेर ढकलतं असं ऐकून आहे. उपमा जपून वापरा.

वकील_नाही_मागितला

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून आलो. फी नको.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. आधी पन्नास होती. टागोर १९४१ मध्ये गेले, १९९१ अखेर मुदत संपत आली तेव्हा सरकारने पन्नासची साठ केली. म्हणजे 'कोणाचं पात्र केव्हा सगळ्यांचं होतं' हे काही ऋषींनी ठरवलेलं नाही, दिल्लीत ठरतं.

आता गंमत बघा. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. त्यांचा चिमणराव १ जानेवारी २०२४ पासून तुमचा-आमचा. उद्या चिमणरावाला यूपीआयचा पिन विसरायला लावा, कोणी विचारणार नाही. पण भा. रा. भागवत गेले २००१ मध्ये, म्हणून फास्टर फेणेची नवी साहसं छापून विकायची असतील तर २०६१ संपेपर्यंत वारसांना विचारा.

पॉटरबद्दल: रोलिंगबाईंच्या एजंटाने २००४ मध्येच सांगितलंय की चाहत्यांनी हौसेने, पैसे न कमावता लिहिलं तर त्यांना त्याचं कौतुकच आहे. विकायला गेलात की सूर बदलतो. हॅरीला कोलकात्यात फिरवणारं एक बंगाली पुस्तक २००३ मध्ये निघालं होतं, नोटिशीनंतर प्रकाशकाने मागे घेतलं. २००७ मध्ये सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सचा, म्हणजे पॉटरच्या शाळेचा, मंडप घातला, तो वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. मंडप मात्र पूजा होईपर्यंत उभा राहिला.

आता रानजाईताई, दचकू नका. व्यासांनी कर्णाच्या बायकोचं नाव दिलेलं नाही. मराठी वाचकाच्या मनात जी वृषाली आहे ती 'मृत्युंजय'मधली. शिवाजी सावंत गेले २००२ मध्ये. म्हणजे त्यांचे हक्क अजून चालू. नुसत्या नावावर कुणी दावा टिकवू शकणार नाही, पण तुमच्या कथेतला तिचा स्वभाव कुठून आला ते तुम्हीच आठवा.

रानजाई

बापरे.

खरंच आठवत बसले. माझी वृषाली कर्णाशी ज्या तऱ्हेने बोलते, ती गप्प कुठे राहते, ते सगळं मी आठवीच्या सुट्टीत वाचलेल्या 'मृत्युंजय'मधून आलंय. महाभारत मी कुठे वाचलंय? म्हणजे बक्षीस मिळालं ती फॅनफिक होती, आणि शाल पांघरवणाऱ्याला कळलं नाही. मलाही नाही.

उलट पाटलांच्या घरातली आई, तिची भाजणी, कॉलेजात मागे राहिलेली तिची पदवी, नवऱ्याशी कमी आणि फ्रीजशी जास्त बोलण्याची सवय, यातलं काही रोलिंगबाईंचं नाही. सगळं माझ्या मावशीचं आहे.

मास्तरीण

वकीलसाहेब, या धाग्याचा खरा निकाल तुम्हीच लावलात.

यावर आठवलं. रणजित देसाईंनी 'राधेय'च्या सुरुवातीला वाचकाला सांगूनच टाकलंय की या कर्णासाठी महाभारताची पानं चाळू नका, स्वतःच्या मनाची चाळा. साडेदहाताई जो शिक्का मारतात त्याच जातीचं ते निवेदन. आणि जांभूळआख्यान? द्रौपदीच्या मनात कर्ण येतो आणि झाडावरून पडलेलं जांभूळ काही केल्या परत जागच्या जागी लागेना, ही गोष्ट व्यासांच्या स्वप्नातही नसेल. गोंधळात उभी राहून ऐकलेल्या बाईला मात्र ती व्यासांपेक्षा खरी वाटते.

जात्यावरच्या ओव्यांतली सीता पहा. गी पोईतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या सीतेच्या ओव्या वाचल्यात तर राम फार मागे उभा दिसतो, पुढे असते वनात टाकलेली बाळंतीण. पहाटे दळणाऱ्या बाईने वाल्मीकींना विचारलं नाही. नावही लावलं नाही. साडेदहाताईंची रिक्षा मला त्याच वाटेवर उभी दिसते.

कडूनिंब

आणि तमाशातल्या गवळणीतली मावशी! कृष्ण, पेंद्या, गौळणी ठीक. पण ती पुरुषाने वठवलेली, कंबरेवर हात ठेवून कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी कुठल्या भागवतात आहे? फॅनफिकवाले आपल्या पदरच्या पात्राला 'ओसी' म्हणतात. मावशी म्हणजे अखिल महाराष्ट्राची ओसी.

सदूभाऊ_कऱ्हाडकर

सगळं ऐकलं. काल रात्री झोपही नीट लागली नाही, त्याचं श्रेय तुम्हा मंडळींना.

माझं म्हणणं सुधारून मांडतो. उसनं पात्र घेतलं यावर माझा आक्षेप राहिलेला नाही. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं आणि त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने ते पुरं केलं, हे मीच विसरलो होतो. (हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात राहिला अशी आख्यायिका.) म्हणजे नरोटीची ओवी लिहिणाऱ्याच्याच घरात हे झालं.

माझा अडसर निराळा आहे. वाचकाचा जीव आधीच पात्रावर जडलेला असतो. कर्ण म्हटलं की डोळे भरायला सुरुवात. ते पाणी व्यासांनी शतकानुशतकं भरून ठेवलंय, तुम्ही नुसती तोटी उघडता. नव्या पात्रासाठी लेखकाला विहीर खणावी लागते. 'वृषाली'ला बक्षीस मिळालं त्यात तुमचं किती आणि साठवलेलं किती, हे तुम्ही सांगू शकाल का?

रानजाई

नाही सांगू शकत. हा प्रश्न मला परीक्षकांनी विचारला असता तर मी चिठ्ठी फ्रेम करून लावली असती.

मास्तरीण

सदूभाऊंचा मुद्दा खरा, पण त्याची दुसरी बाजू आहे. कीर्तनात आख्यान सगळ्यांना पाठ असतं. सुदामा पोहे घेऊन जाणार, कृष्ण खाणार. पुढे काय होणार ही उत्सुकता बुवांना फुकट मिळत नाही. मग उरतं काय? सांगणं. जुन्या कवींना समस्यापूर्ती द्यायचे, शेवटची ओळ ठरलेली, तिथवर तुम्ही पोचून दाखवा. बांधलेल्या हातांनी करायचं ते काम आहे. माझ्या वर्गात 'मनाने गोष्ट लिहा' म्हटलं की पस्तीस पोरं राजपुत्र आणि राक्षस लिहायची. 'श्यामच्या आईने त्याच रात्री शेजारणीला काय सांगितलं ते लिहा' म्हटलं, तेव्हा चार-पाच जणी पहिल्यांदा लिहायला शिकल्या. त्यांना आईचं बोलणं पकडावं लागलं.

साडेदहाची_मालिका

आणि काका, तोटी उघडली तरी बादली आपली लागते की!

अर्धवटराव

कोणी ते पन्नास छटांचं ('फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे') पुस्तक काढलं नाही याबद्दल आभार. तीही मुळात व्हॅम्पायरवाल्या 'ट्वायलाइट'ची फॅनफिक होती, नावं बदलून छापली, जगभर खपली. खप म्हणजे लेखन असेल तर वाद तिथेच मिटला.

कडूनिंब

काढलंत शेवटी.

वकील_नाही_मागितला

सदूभाऊंच्या अडसरावर एक उलटतपासणी सुचवतो. सदूभाऊंनी पॉटर वाचलेलं नाही, हे त्यांनीच वर कबूल केलंय. म्हणजे साठवलेलं पाणी शून्य. रानजाईताई, कथा इथे टाका. पैसे घेणार नाही, त्यामुळे कोणी नोटीस पाठवणार नाही. साक्षीदार सदूभाऊ.

टपरीवरचा_चहा

+१. शेंगदाणे परत उचलले.

रानजाई

हात थरथरतोय. सगळी टाकत नाही, सुरुवात टाकते.

"बेल वाजली तेव्हा आई डाळ निवडत होती. दारात दोघी, दोन ट्रंका, एक घुबड. पार्वतीच्या चपलेचा बंद तुटलेला. आईने काही विचारलं नाही. जूनमध्ये शाळा सुटते हे तिला ठाऊक होतं, आणि अजून सुटली नव्हती हेही. तिने ताटातली डाळ बाजूला सारली आणि आणखी दोन मुठी घेतली. 'हात धुऊन या,' ती म्हणाली. मग घुबडाकडे बघून, 'हे काय खातं?'

पद्मा म्हणाली, 'आई, आमचे मुख्याध्यापक गेले.'

'म्हातारे होते का?'

'हो.'

'मग रडतेस कशाला?'

तेव्हा पार्वती पहिल्यांदा बोलली. 'त्यांना मारलं, आई.'

आई निवडत राहिली. खड्याची डाळ नव्हती, तरी निवडत राहिली."

साडेदहाची_मालिका

अगं!! पुढचं कुठाय?

कडूनिंब

'खड्याची डाळ नव्हती'नंतर ते दुसऱ्यांदा नको होतं, 'निवडत राहिली' एकदाच पुरे. बाकी बोलायला जागा नाही.

मास्तरीण

कडूनिंबांशी सहमत नाही, दोनदाच हवं. घुबडाची चौकशी मुलींच्या आधी, हे मावशीचंच ना?

रानजाई

मावशीचंच. ती कुत्र्याला विचारायची.

सदूभाऊ_कऱ्हाडकर

वाचलं. यात बंगला-बाग काही दाखवलेली नाही, तरी घर दिसलं. मुख्याध्यापक कोण, कोणी मारलं, मला माहीत नाही आणि आत्ता कोणी सांगूही नये.

नरोटी ती नरोटी, त्या मतावरून मी पूर्ण हटलो असं समजू नका. पण एक विचारायचंय. एक बोलते ती डाळीच्या ताटाशी, दुसरी उंबऱ्यातूनच. दोघींतली थोरली कोण?

रानजाई

पुस्तकात नाही, सदूभाऊ. माझ्या गोष्टीत पार्वती, सात मिनिटांनी. उद्या दुसरा भाग टाकते.